दादासाठी खाचांचं टेबल

४ जानेवारी १९३७, लोणावळा
दादा आजही दुकानात आला नाही. दिवाळीनंतर अंगावरून वारं गेलं, उजवा हात-पाय गेला. तेव्हापासून ओटीवर नुसता बसून. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घास पुढं केला की तोंड फिरवत्यात. कायतरी काम काढा त्यांच्यापुरतं." काढतो म्हणालो. काय काढणार, कपाळ! सुताराला एक हात म्हणजे...

९ जाने.
सुचलं! रंधा चालवायला दोन हात लागतात. पण पातंच टेबलाच्या भोकातून वर काढून फिरतं ठेवलं तर? लाकूड नुसतं ढकलायचं. शिंप्याचं मोडकं शिवणयंत्र आणलंय खालच्या चाकासाठी. डाव्या पायानं मारता येईल. बंगल्याच्या खिडक्यांचं काम हातात आहे, त्यांना काच बसवायच्या खाचा दादाच पाडेल. बायको हसली. हसू दे.

१५ जाने.
पात्याला पोलाद चांगलं हवं. दादाच्या खाचेच्या रंध्याचं आहे, पण मागायचं कुठल्या तोंडानं? विषय काढला मात्र, त्यानंच रंधा पुढं सरकवला. "घे. मला काय करायचंय त्याचं." मी खूश. वहिनी आत जाऊन रडत बसल्या. आता यात रडण्यासारखं काय?

२३ जाने.
चाकावरून पात्याकडे नेलेला पट्टा घसरतो. मोच्यानं दोनदा शिवून दिला. चाक गरगरतंय आणि पातं ढिम्म. रागानं हातोडी फेकली, ती माझ्याच पायावर.

२७ जाने.
चाललं! लाकूड दाबून धरायला बांबूचा चाप लावला, दुसरा हात नकोच. सागाच्या पट्टीत काय सुरेख खाच पडली. उद्या दादाला आणायचं.

२८ जाने.
घर दुकानाच्या मागंच, तरी अंगण ओलांडेपर्यंत दोघं घामाघूम. स्टुलावर बसवला. डाव्या पायानं चाक फिरवलं, डाव्या हातानं पट्टी ढकलली. खाच सुतात सरळ. मी टाळीच वाजवली.
त्यानं खाचेतून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"ही म्या न्हाई पाडली."
"अरे, तूच तर ढकललीस."
"ढकलली. घरी ने मला."
फार लागलं मनाला. कुणासाठी केलं हे सगळं?

३ फेब्रु.
खिडक्या मीच करतोय टेबलावर. काम झरझर उरकतं. दादाच्या वाट्याचंही. त्याचंच वाईट वाटतं.

९ फेब्रु.
वहिनी का रडल्या ते आज उमगलं. त्याला पुन्हा रंधा धरायची आशाच नव्हती, म्हणून पातं दिलं. आणि मी मूर्ख आनंदानं घरभर सांगत फिरलो.

१४ फेब्रु.
सकाळपासून मागच्या पडवीतून ठक... ठक. वहिनी हळूच येऊन सांगून गेल्या, "तासायचा वाकस मागून घेतलाय. फळी डाव्या पायाखाली दाबून डाव्याच हातानं तासत्यात. लय वाकडं जातंया. काय करताय इचारलं तर सांगत न्हाईत. तुमी जाऊ नगा तिकडं, बघितलं तर टाकून देतील."
नाही गेलो. एक घाव पडतो, मग कितीतरी वेळ काही नाही, मग पुन्हा एक. टेबल चालू केलं की ते ऐकू येत नाही. बंगल्याचा माणूस ओरडून गेला, अर्ध्या खिडक्या बाकी आहेत. ओरडू दे. टेबल बंद ठेवलंय.
दुपार झाली. मघापासून आवाज नाही. बसलोय ऐकत.