उचललेला नेम

रविवार, दुपार. तारीख बहुतेक अठरा.

ताई,

नमस्कार-चमत्कार पोचले असं धरून चाल. दाजींना सांग, त्यांनी दिलेले बूट अजून टिकून आहेत. भाच्याला एक पापी, दाढी न टोचता.

आज सुट्टी. पण खोली बेकरीच्या वरच, त्यामुळे सुट्टीलाही नाकात तोच भाजका वास. सकाळी उठवेना. आठवडाभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेत. बोटी रंगवायचो तेव्हा खांदे जायचे, गोदामात कंबर जायची, आता पाय. शरीराचा एकेक भाग एकेका मालकाला देऊन झालाय.

तर घरमालकीण दार वाजवत आली. "प्रार्थनेला चल, नंतर जेवायला घालते." जेवणासाठी गेलो, लपवत नाही. मागच्या बाकावर बसलो. सगळे डोळे मिटून काहीबाही मागत होते आणि मी पुढच्या म्हाताऱ्याच्या कॉलरची उसवलेली शिवण बघत होतो. माझं देवाशी भांडण नाही गं. ओळखच नाही, तर भांडणार कशाला?

इथलं जेवण म्हणजे सूप थंड. मुद्दाम थंड! मासा आंबट, तोही थंड. पाव तेवढा गरम केलेला, तो काल मीच भाजलेला. नवा होतो तेव्हा वाटायचं, ही माणसं चूल पेटवायलाच विसरतात की काय. आता गरम सूप समोर आलं तर मलाच चुकल्यासारखं होतं. बघ, हे लिहायचं नव्हतं.

जेवणाआधी मालकीण काहीतरी पुटपुटली आणि मला म्हणाली, "तू कोणाचे आभार मानतोस रे?"

"रांधणारीचे."

"लबाड!" खूश होऊन तिनं केकचा हा एवढा तुकडा वाढला. वरून मधाचा ओघळ. मी चमचा धरून बसलो.

"खा की. आईनं पाठवलाय समज."

झालं. चमचा खाली ठेवला. मग तिला सांगितलं की मी घर सोडलं त्या दिवसापासून आईनं गोड सोडलंय, मी परत येईपर्यंत.

"मग जा की घरी."

"हं."

"हं म्हणजे?"

मी बशा उचलायला उठलो.

तुझं पत्र आल्यापासून माझं हेच चाललंय. इतकी वर्षं तिच्या नेमाची मी चेष्टाच केली. साखरेचा आजार असलेल्या बाईनं गोड सोडलं तर डॉक्टरनं तिचा सत्कार करायला हवा, असं म्हणालो होतो, आणि तूही हसली होतीस. आता तू लिहितेस की गोळ्यांनी साखर एकदम खाली गेली, ती न्हाणीघरात कोसळली, आणि तू साखरपाणी ओठाला लावलंस तर तिनं दात आवळून धरले. "त्याला काही झालं तर?" म्हणाली. दवाखान्यात सुईतून साखर दिली, तर शुद्धीवर आल्यावर डॉक्टरलाच बजावलं, की ही मी खाल्लेली नाही, नेमात धरायची नाही! वाचून हसलो आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुढच्या वेळी दवाखाना गाठता आला नाही तर?

तू म्हणतेस, तूच समजाव. काय समजावू? भट्टीचा चटका बसला तेव्हा ती म्हणाली, नेम होता म्हणून हातावर निभावलं. तिच्या लेखी मी जिवंत आहे तो तिनं न खाल्लेल्या साखरेवर. नेम मोड म्हणणं म्हणजे माझ्यावर पाणी सोड म्हणण्यासारखं.

मोडता येत नाही. पण आपल्या घरात दुसऱ्याचा नेम उचलता येतो; उचलणारा पाळतो, पहिला सुटतो. आत्यानं चपला सोडल्या होत्या, तिचे पाय सुजले तेव्हा बाबांनी तो उचलला आणि उन्हाळाभर कोट घालून अनवाणी कचेरीत गेले. शिपाई विचारायचा, "साहेब, बूट चोरीला गेले की बढती मिळाली?" बाबा तरी कुठे देव मानायचे!

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर ती आधी 'कधी येतोस' विचारते. म्हणून लिहून झालं की फोटो काढून लगेच पाठवतोय. पुढचं तिला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, तुझा गोडाचा नेम आजपासून मी उचलला. ताई साक्षीला आहे. मी घरी येईपर्यंत मी गोड खाणार नाही. तू सुटलीस. आत्ता, ताईसमोर, चमचाभर साखर तोंडात टाक.

इथं थांब, ताई. बाकीचं तुझ्यापुरतं.

बेकरीत क्रीमच्या प्रत्येक खेपेची चव मीच बघतो, ते माझंच काम. उद्या मालकाला सांगावं लागेल. पोती वाहायला लावेल नाहीतर हाकलेल. हाकलू दे, मला त्यात नवं काय?

आईला वाटेल, आपला पोरगा एवढा गोडघाशा, किती दिवस तग धरणार, येईलच आता पळत. वाटू दे. त्या आनंदात तरी खाईल. तू मात्र तशी वाट बघू नकोस. माझा कोणावर राग नाही. इथं बायकोबियकोही नाही. कारण मलाच नीट सांगता येत नाही. निघायचा नुसता विचार केला तरी दमायला होतं. हा नेम मी जन्मभरासाठी उचललाय. तिला ते सांगायचं की नाही, तू ठरव.

संध्याकाळी तिला चहा कर. डॉक्टर म्हणतील तेवढीच, पण साखर तिची तिला घालू दे. त्या वेळी तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला कळवू नकोस.

तुझा,
लांबचा धाकटा