उजव्या बाजूचं वळण

सांगली, गुरुवार. १९४६.

आज आम्ही दोघं वाचलो, ते एका म्हाताऱ्या गाडीवानामुळे.

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या फटफटीवर हिला मागे बसवून बाजाराला निघालो होतो. हळदीच्या पेठेच्या कोपऱ्यावर वळलो, तर समोर बैलगाडी. म्हाताऱ्याने कासरा असा खेचला की बैल जागीच थांबले. एका बैलाच्या शिंगावरची पितळी शेंबी माझ्या छातीपासून वीतभर! मीच ओरडलो, "डोळं फुटलं काय रं? बाजू कळत न्हाई?" माझ्या अंगात पलटणीतला खाकी सदरा. म्हातारा "चुकलं, सायेब" म्हणाला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

जेवताना ही म्हणाली, "आवं, पर त्यो त्याच्याच बाजूला हुता की."

माझा घास हातातच राहिला. इटलीत दोन वर्षं पलटणीचे निरोप पोचवत फटफटी हाकली, ती सगळी रस्त्याच्या उजवीकडून. आज हात आपोआप तिकडेच गेले. तोफगोळ्यांतून धड आलो आणि इथे त्या शेंबीवर...

आता वळण आलं की ही माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारणार, असं ठरलंय. पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला मी अरेतुरे केलं, त्याचं काय? उद्या पेठेत जाऊन माफी मागतो म्हटलं.

"वळखाल का?" हिने विचारलं.

त्या शेंबीवरचा पोचासुद्धा आठवतोय. म्हाताऱ्याचा चेहरा आठवत नाही.