लंगडणाऱ्याचं पाप

३ नोव्हेंबर, रविवार
घंटा गेली. शाळेतून रिटायर होताना मिळालेली, पितळी. चर्चमधल्या बायबल वर्गाला दर रविवारी मीच वाजवतो. काल संध्याकाळी पुसून चकचकीत केली, इथवर लख्ख आठवतं. आज वर्गाच्या खिडकीतली तिची जागा रिकामी. माझा मफलरही गायब. चोर थंडीला भिणारा दिसतो. पाळकांनी टाळ्या वाजवून वर्ग सुरू केला. जरा जास्तच उत्साहाने.

४ नोव्हेंबर
पोलिसांत जाणार नाही. बायबलातल्या ‘गणना’ पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, पाप माणसाला गाठतंच. म्हणजे ज्याला काही दुखेल-खुपेल तो चोर. आपण फक्त डोळे उघडे ठेवायचे.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
लंबू लंगडतोय. लंबू म्हणजे चर्चचा ऑर्गन वाजवणारा, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. रोज चहाला येतो, मग आम्ही शाळेतल्या कविता म्हणतो. दुसरं कडवं तो हमखास विसरतो, मी सांगतो. म्हणाला, नवे बूट चावतात. मी नुसतं बुटांकडे पाहिलं.

६ नोव्हेंबर
घोटाळा. शुभवर्तमानात मत्तय म्हणतो, पाऊस चांगल्यावर पडतो तसा वाइटावरही. स्तोत्रांत तर दुष्टांची भरभराटच भरभराट. मग लंगडणारा निर्दोष आणि मजेत असलेला चोर? बायको म्हणाली, म्हणजे तुम्ही सोडून सगळेच चोर. तिला मुद्दा कळला, बरं वाटलं.

७ नोव्हेंबर
पाळकांना गाठलं. ‘निर्गम’ पुस्तकात बापाच्या पापाचा जाब मुलांना, ‘यहेज्केल’ पुस्तकात मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही, हे कसं? म्हणाले, दोष ज्याचा त्याचा, पण झळ दुसऱ्यालाही लागते. बाप घर पेटवतो, पोरं उघड्यावर झोपतात. म्हणून काही पोरं गुन्हेगार ठरत नाहीत. उत्तर फारच तयार होतं. यांच्यावरही नजर ठेवावी.

९ नोव्हेंबर, पहाटे
सुटलं! बूट नवे, म्हणजे भरभराट. बूट चावतात, म्हणजे शिक्षा. दोन्ही वचनं एकाच माणसाला लागू. वाईट वाटलं, पण तर्काला मैत्री कळत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
वर्गात सगळ्यांदेखत लंबूला विचारलं, घंटा कुठे ठेवलीस. तो हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला.
“खरंच विचारतोयस?”
मी दोन्ही वचनं वाचून दाखवली. त्याने शेवटचं गीत न चुकता वाजवलं. निर्ढावलेला.

१३ नोव्हेंबर
लंबू रविवारपासून फिरकला नाही. बायको तरी तिसरा कप मांडतेच. मी एकट्याने कविता म्हटली. मध्येच कुणी अडलं नाही, त्यामुळे लवकर संपली. मग काय करायचं सुचेना.

१५ नोव्हेंबर
थंडी पडली. बायकोने ट्रंक उघडून माझा मफलर ओढला. मफलर वाजला. घंटा त्यातून निसटून थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर.
आता आठवतं. त्या शनिवारी पुसायला घरी आणली आणि चोरांचा भरवसा नाही म्हणून मफलरात गुंडाळून सुरक्षित ठेवली. खबरदारी योग्यच होती.
अंगठा टम्म सुजला. बायकोने अंगठ्याचं विचारलं नाही. तिसरा कप उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाली, “पाप तुमचं, आणि चहा त्यांचा बंद.”
पाळकांनी दिलेलं पेटलेल्या घराचं उदाहरण आठवलं. ते बरोबर असावेत असा संशय येतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार
ठरवलं, मोठ्या मनाने लंबूला माफ करायचं. वाटेत भाषण घोकलं. लंगडत पोचलो. त्याने दार अर्धंच उघडलं आणि माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.
“नवे बूट?”
नाही म्हटलं. घंटा घरीच होती, म्हटलं. पुढचं भाषण काही केल्या आठवेना. तो वाट पाहत उभा.
“माझं चुकलं,” शेवटी त्यानेच सांगितलं. “म्हण.”
म्हटलं. तेव्हा कुठे दार पूर्ण उघडलं.
उद्या हेच वर्गात म्हणायचंय, सगळ्यांदेखत, न अडता. आणि सुरुवातीला घंटा वाजवायची.