तपासणीचं रजिस्टर

१२ मार्च १९९८

अर्ज फेटाळला! कंपनीनं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनच्या तपासणीचं रजिस्टर कोर्टात हजर करावं, एवढंच मागत होते. तर हुकुमात काय — ‘वादी अंधारात चाचपडत आहे.’ अहो, मग दिवा कुणाच्या हातात आहे?

त्या प्रेसमध्ये सापडून हेमू गेला, त्याला तीन वर्षं होतील. कंपनीचं लेखी म्हणणं, चूक मयताची, मशीनचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, त्यानंच काढला. माझा मुलगा कागदावर मयत झाला आणि वर दोषीही. हे मी ऐकून घ्यायचं!

१३ मार्च

औरंगपुऱ्यात बद्रीनाथ वकिलांकडे गेले. “बाई, खंडपीठात रिट टाकू. पण अशा मधल्या हुकुमांत हायकोर्ट सहसा हात घालत नाही.” पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे गणित कळेना. माझं सगळं ज्या हुकुमावर अडलंय, तो म्हणे मधला!

२२ एप्रिल

हेमूच्या शेजारच्या मशीनवरचा सांडू घरी येऊन गेला. “काकू, गार्ड ढिला हाय म्हणून हेमू सायबावर लई वरडत व्हता.”

रजिस्टरात लिहिलं का रे त्यानं?

“म्या नाय बघितलं. लिवलंच असंल की.”

लिहिलंच असणार. मशीन रोज तपासून नोंद करायची, सही करायची, हे कामच त्याचं. सांडू गेल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवले.

१६ जून

पुढची तारीख.

३१ जुलै

पुन्हा पुढची. कंपनीचे वकील म्हणतात, रजिस्टर गोपनीय आहे. कसलं डोंबलाचं गोपनीय! जालना रोडवर रिक्षा मिळेना. उभ्या उभ्या रडले. लोक बघत होते — बघू देत. हे कधी संपणार नाही, मीच आधी संपेन.

९ ऑक्टोबर

रिट मंजूर. न्यायमूर्ती म्हणाले, ज्या कागदावर सगळा वाद आहे तोच दडवला तर निवाडा कशावर करायचा? खालचा हुकूम रद्द. वकिलांनी पेढे आणले. मी एकही खाल्ला नाही. आनंदाची सवयच गेली.

२४ नोव्हेंबर

रजिस्टर आलं. तक्रार कुठंच नाही. रोज एकच ओळ, हेमूच्या अक्षरात — ‘मशीन तपासलं. गार्ड ठीक.’ खाली सही. त्या आठवड्याचं पान उघडलं. सोमवारी ठीक. मंगळवारी ठीक. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीही ठीक.

सोबत आलेला सांडू मान खाली घालून म्हणाला, “सोमवारीच समद्या आठवड्याच्या सह्या मारून टाकतो, काकू. समदेच. टाइम कुठं असतोय?”

वकील हर्षानं म्हणाले, “बाई, रजिस्टर खोटं ठरलं. आपण जिंकलो!”

हेमू मंगळवारी दुपारी गेला.