राखीव खेळाडूचा बाप

नंदनवन, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२३

चि. ऋषिकेश यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. पत्र काहून लिहून राहिलो ते आधी सांगतो. फोनवर तू काय बोलतो ते मले ऐकू येत नाही, अन् मी काय बोलतो ते अख्ख्या गल्लीले ऐकू येते. तुही आई म्हणाली, आता पुरे, कागद घ्या.

परवा शेजारच्या अपूर्वच्या मोबाइलवर तुह्या टीमची मॅच पाहिली. दोन तास पाहिली. तू तीनदा दिसला. एकदा टॉवेल देऊन राहिला होता, एकदा टाळ्या वाजवून राहिला होता, अन् एकदा पाणी पिऊन राहिला होता. पाणी पेताना दिसला तेवढ्यात आईचं समाधान झालं. माहं नाही झालं.

क्रीडा कोट्यातली पक्की नोकरी सोडून तू कोचीले गेला, तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. कळमन्याच्या धान्यबाजारात लोक विचारतात, पोरगा काय करते? मी सांगतो, बास्केटबॉल खेळते, व्यावसायिक. आता बसूनच राहाचं होतं तर खुर्ची त्या नोकरीतही होती. रागावू नको. मापारी माणूस आहो मी, एकतीस वर्षं लोकाचं धान्य काट्यावर ठेवून राहिलो. कोणतीही गोष्ट नेमकी किती आहे ते पाहून घ्याची सवय लागली. तुले किती मिनिटं खेळवतात ते खरं लिहिजो.

आमचा अर्धा जीव तिकडे आहे हे ध्यानात ठेवून जेवत जाजो.

तुहे बाबा,
रुपराव


कोची
१० डिसेंबर २०२३

तीर्थरूप बाबांना व आईला शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. विचारलंत म्हणून खरं लिहितो. सरासरी तीन मिनिटं. त्यातही निकाल लागून गेल्यावरची.

आमच्याकडे बास्केटखाली मिलान नावाचा खेळाडू आहे. सात फूट उंच, सर्बियाचा. तो थकला की मी आत जायचं असं ठरलेलं आहे. तो थकत नाही. स्वभावाने चांगला आहे, त्यामुळे त्याच्या तब्येतीबद्दल मला काही वाईट चिंतताही येत नाही.

पण मी नुसता बसतो असं समजू नका. पुढची मॅच ज्या टीमशी असेल, तिच्या उंच खेळाडूंचे व्हिडिओ मी पाहतो. कोण कुठल्या पायावर वळतो, चेंडू कुठल्या हातात घेतो, चिडला की काय करतो, ते सगळं शिकतो. मग आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये मी रोज त्यांच्यातला एक माणूस होऊन आमच्याच टीमविरुद्ध खेळतो. कुरियन सर, म्हणजे आमचे कोच, म्हणतात की हे काम माझ्याइतकं चांगलं कोणी करत नाही. हे कुठल्या मोबाइलवर दिसत नाही, हे मात्र खरं.

वीस जानेवारीला आमची मॅच नागपूरलाच आहे, मानकापूरच्या क्रीडा संकुलात. तुम्ही दोघं या. फक्त दोघं.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्या, उंची कितीही वाढली तरी.

आपला,
ऋषिकेश


नंदनवन, नागपूर
४ जानेवारी २०२४

चि. ऋषिकेश यास आशीर्वाद.

मॅचले आम्ही दोघंच येऊन राहिलो. आमच्यासंगं अपूर्व, त्याची बहीण नूपुर, तुही सत्यवती मावशी, कळमन्यातले सहा हमाल अन् भजनी मंडळ राहील. त्याहिले मी बोलावलं नाही, फक्त सांगतलं.

तू काळजी करू नको, खेळाकडे लक्ष देजो. बाकी मी पाहून घेईन.

बाबा


कोची
२७ जानेवारी २०२४

ती. बाबांना नमस्कार.

आठवडा झाला, अजून झोपेतून उठलो की तेच आठवतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही पायऱ्या उतरून आमच्या बाकामागे आलात. चालू खेळात कुरियन सरांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "साहेब, माह्या पोराले नागपूरले बसाले आणलं काय?" बाबा, तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही हळू बोललात. समोरच्या बाजूचे लोकही हसले. पंचांनी वळून पाहिलं.

सरांना मराठी येत नाही. त्यांनी मला विचारलं, वडील काय म्हणतात. मी सांगितलं, तुम्ही पुन्हा आमच्या गावात आलात तर घरी जेवायला या असं म्हणतात. त्यांनी तुम्हाला हात जोडले, ते त्यासाठी.

शेवटी सत्तर सेकंद उरले तेव्हा मला आत पाठवलं. मी दोन फाऊल केले आणि एक चेंडू बोर्डाच्या मागच्या बाजूला मारला. आपल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खेळासाठी नव्हत्या, हे मला कळतं.

यापुढे माझ्या मॅचला येऊ नका. मी हे रागात लिहीत नाही. राग कालपर्यंत होता.

आईला नमस्कार सांगा.

ऋषिकेश


नंदनवन, नागपूर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. ऋषिकेश यास आशीर्वाद.

तीन पत्रं लिहिली अन् तीनही फाडली. हे चौथं.

लोक हसले ते मले समजलं नाही. त्याहिची तोंडं उघडी दिसत होती. मले वाटलं, तेही माह्यासारखंच विचारून राहिले. मी तर परतताना दोघाचौघाहिले मान हलवून दाखवली. घरी आल्यावर तुह्या आईनं कागदावर लिहून सांगतलं. तो कागद माह्यापाशी आहे.

काटा चालू असताना कोणी माह्या खांद्यावर हात ठेवला तर मी त्याले हाकलून देतो, मग तो मालाचा धनी का असेना. तेच मी तुह्या साहेबासंगं केलं. चूक झाली. येणार नाही.

आई बरी आहे. तुले सांगू नको म्हणते, पण ती दोन दिवस माह्याशी बोलली नाही. अर्थात ते मले दुसऱ्या दिवशी समजलं.

तुहे बाबा


कोची
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांना व आईला साष्टांग नमस्कार.

आठ महिन्यांनी लिहितो आहे. कारणं बरीच जमवली होती, पण लिहायला बसल्यावर एकही पटेना. क्षमा असावी.

नव्या मोसमाचं वेळापत्रक लागलं. यंदा नागपूरला मॅच नाही. ते पाहून कुरियन सर हळहळले. म्हणाले, मग तुझ्या वडिलांकडचं जेवण राहिलंच. ते खरोखर वाट पाहत होते. तेव्हा मला सगळं खरं सांगावं लागलं. तुम्ही काय बोलला होतात ते मी शब्दाला शब्द सांगितलं.

त्यांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "त्यांचा प्रश्न बरोबर आहे. ते फक्त चुकीच्या दिवशी आले. त्यांना सोमवारी बोलाव."

तर तुम्ही या. मॅचला नाही, प्रॅक्टिसला. तिथे प्रेक्षक नसतात. तुम्हाला हवं तितक्या मोठ्याने बोला.

वाट पाहतो. माया पातळ झाली असेल तर मीच जबाबदार आहे, पुन्हा घट्ट करावी.

आपला,
ऋषिकेश


नंदनवन, नागपूर
८ डिसेंबर २०२४

चि. ऋषिकेश यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाडीत मासे खाणारे लोक होते, मले त्याचा त्रास झाला नाही, आईले सांगू नको.

तिथं मी जास्त बोललो नाही, म्हणून आता लिहितो. सोमवारी तू डावखुरा झाला होता. चालही वेगळी, खांदे पाडून. मले वाटलं, हे आपलं पोरगं नाहीच. मंगळवारी तू कोणीतरी आडदांड माणूस होऊन सर्वाहिले ढकलून राहिला होता. असे चार दिवस तू चार माणसं झाला. साहेब मधीच शिटी मारून खेळ थांबवे अन् सारे तुह्याकडे पाहत, तू काहीतरी दाखवे, मग पुन्हा खेळ. रोज अडीच तास. मी घड्याळ लावून पाहिलं. तू एकदाही बसला नाही.

निघाच्या दिवशी तो मिलान माह्यापाशी येऊन बसला. बोलला, मले ऐकू आलं नाही. त्याच्या ते लक्षात आलं तर त्यानं माह्या डायरीत इंग्रजीत एक ओळ लिहून देली. घरी येऊन नूपुरपासून वाचून घेतली. लिहिलं आहे : सोमवार ते शुक्रवार मला हा माणूस अजिबात आवडत नाही.

आई म्हणते, यात चांगलं काय लिहिलं? मी तिले म्हटलं, तुले बास्केटबॉल समजत नाही.

तुहे बाबा


कोची
२७ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांना व आईला नमस्कार.

मोसम संपला, त्याबरोबर माझा करारही. खेळाडू म्हणून इथे पुन्हा घेणार नाहीत. सरांनी मला सहायक कोच व्हायला सांगितलं आहे. त्याच दिवशी गुवाहाटीच्या एका नव्या टीमचा फोन आला. त्यांच्याकडे उंच माणूसच नाही. गेलो तर पहिल्या पाचांत खेळेन. ती टीम जिंकेल असं तिच्या मालकालाही वाटत नाही.

सर सरळ बोलले. कोच म्हणून मी वीस वर्षं टिकेन, खेळाडू म्हणून दोन, आणि मधून मधून सुजणारा उजवा गुडघा ऐकणार असेल तरच दोन. कोचीची जागा तोवर ते रिकामी ठेवणार नाहीत.

शहाणपण कशात आहे ते मला दिसतं. तरी ठरत नाही. मला इतरांच्या सगळ्या चाली येतात बाबा. माझी स्वतःची कुठली, ते मला माहीत नाही.

तुमचं मत कळवा. फोन करू नका.

आपला,
ऋषिकेश


नंदनवन, नागपूर
५ मे २०२५

चि. ऋषिकेश यास आशीर्वाद.

आईचं मत कोची. माहं गुवाहाटी. दोन्ही मतं कळवून राहिलो, म्हणजे ती म्हणाची नाही का माहं लिहिलं नाही.

गेल्या वर्षी रामटेकचं आपलं वावर वाट्यानं न देता मी स्वतः केलं. सारे हसले. ते मात्र मले दिसलं. धान शेजाऱ्यापेक्षा कमी झालं. पण त्या धानाचं पोतं कळमन्यात काट्यावर ठेवलं तेव्हा मले आकडा वाचता येईना, पाशीच्या मापाऱ्याले वाचाले सांगतलं. इतकी वर्षं लोकाचं मापलं, तेव्हा कधी असं झालं नव्हतं.

बाकी तू शहाणा आहे. गुडघ्याले तेल लावत जाजो.

तुहे बाबा


गुवाहाटी
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना व आईला शिरसाष्टांग नमस्कार.

काल पहिली मॅच झाली. आम्ही अडतीस गुणांनी हरलो. मी चौतीस मिनिटं खेळलो. अकरा गुण केले, चार फाऊल केले, सोपे म्हणावेत असे पाच चेंडू वाया घालवले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये इतका दम लागला की मला बाहेर घ्या अशी मी खूण केली. इथल्या कोचनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हाताने सांगितलं, खेळत राहा. बाकावर माझ्या जागी खेळेल असं कोणी नव्हतं.

शेवटी शेवटी एकदा चेंडू हातात आला. मी उजव्या पायावर थांबलो, उलट्या बाजूने वळलो आणि बोर्डाला न लावता बास्केट केली. खोलीवर येईपर्यंत आठवून पाहत होतो की ही चाल मी कोणाची उचलली. व्हिडिओतले सगळे खेळाडू आठवून पाहिले. कोणाचीच नव्हती.

आज गुडघा सुजला आहे, बर्फ लावून लिहितो आहे. आईला सूज सांगू नका, बाकी सगळं सांगा.

तुमचा,
ऋषिकेश