बाबांनी दिलेली दाद

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघे शेकतेस ना? की मी नाही म्हणून चालढकल?

बाबांचं ऑपरेशन छान झालं, टाकेही सुकले. ताप तेवढा हटत नाही. सलाईनच्या नळीवाटे रक्तात जंतू शिरलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतू नेहमीच्या कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नाहीत." मला हसूच फुटलं. म्हटलं, "मग बरोबर घर शोधलंय त्यांनी. आमच्या बाबांनीही जन्मात कुणाला दाद दिली नाही."

त्या हसल्या नाहीत.

आता एकच जालीम औषध उरलंय, ते चालू आहे. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो म्हणे. पाय सुजलेत, पण तू घाबरू नकोस, नर्स मायाळू आहेत. बाबांना वेगळ्या खोलीत ठेवलंय. आत जाताना झगा, मास्क, हातमोजे, सगळा जामानिमा करावा लागतो. मी हात धरला की विचारतात, "कोण, नर्स का?"

तू एवढा प्रवास करू नकोस, असंच लिहायला बसले होते. पण सकाळी नर्सने ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपले, तर तिला म्हणाले, "माझ्या बायकोसारखा चहा कुणाला जमायचा नाही."

आई, लग्नापासून ज्या चहाला पाणचट म्हणत आले, त्याला बाबांनी दाद दिली. मला धडकीच भरली.

काकांना सोबत घे आणि मिळेल त्या गाडीने निघ. गुडघ्यांचं इथे बघू.

तुझी,
धाकटी