दगडूच्या अंगणात

मु. कापडे, मार्गशीर्ष, मंगळवार

दगडू गाडीवानाला आज नदीवरच्या स्मशानात पोचवून आलो. हात अजून सारखा कोटाच्या खिशाकडे जातो आहे.

महाडच्या वैद्यांनी आम्हा दोघांची छाती एकाच दिवशी तपासली आणि बिडी सोडायला सांगितलं. तेव्हापासून शाळा सुटली की मी त्याच्या अंगणात जाऊन बसायचो. तल्लफ आली की दगडू मूठभर भाजलेले चणे पुढे करायचा. "चावा, मास्तर. तोंडाला काम हाय, मग झालं."

त्यानेही सोडली, मीही सोडली. मग तोच का गेला? आणि मी आता स्वतःला कशासाठी जपतो आहे?

नदीवरून परतताना कुणीतरी बिडी पुढे केली. मी घेतली. पेटवली नाही, खिशात टाकली. दगडूच्या अंगणात पोचलो तेव्हा हात पुन्हा खिशात गेला होता. दगडूची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. तिने बरोबर ओळखलं.

"त्याची छाती आदीच खलास झाली व्हती, मास्तर. तुमची नाय. टाका ती."

मी बिडी चुरगळून टाकली आणि ढसाढसा रडलो. मुलगा तिचा गेला, आणि रडत होतो मी. लाज वाटते.

निघताना ती म्हणाली, "उद्या या. मी बसंन तुमच्यासंगं."

त्या अंगणात पुन्हा जाणं जिवावर येतं आहे. पण मी गेलो नाही तर म्हातारी एकटीच वाट बघत बसेल. जाईन.